एचआयव्हीची झळ बसलेल्या गरीब कुटुंबांतील मुले : मर्यादित निधी आधी कुठे खर्च करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेकडे तीन वर्षे पुरेल एवढाच निधी आहे. ज्या वस्तीत काम करायचे आहे तिथे गरिबी आहे आणि बऱ्याच घरांत कुणा ना कुणाला एचआयव्हीची लागण झालेली आहे. कार्यकारिणीत तीन मते आहेत : काहींना अनाथ मुलांसाठी वसतिगृह बांधायचे आहे, काहींना पोषण आहार वाटायचा आहे, तर काहींना सगळा भर औषधोपचारावर द्यावासा वाटतो. शेवटच्या ओळीत तुम्ही असेही विचारले आहे की, मुलांना त्यांच्या आजाराविषयी सांगावे का, आणि सांगायचे तर कधी. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षे एचआयव्हीबाधित मुलांच्या उपचार केंद्रात काम करते आहे. पुढे जे लिहिते ते त्या कामातून आलेले आहे, त्यामुळे थोडे लांबले तर सांभाळून घ्या.

आरोग्य, संरक्षण आणि कल्याण हे तीन शब्द प्रकल्पाच्या कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. मुलाच्या दिवसात मात्र ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाला हात लावल्याशिवाय दुसरे सुटत नाही. आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा त्याच्या आजीबरोबर येत असे. त्याचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, एकाएकी वाढला होता. औषधाला विषाणू दाद देत नसावा, अशी शंका घेऊन आम्ही पुढची तपासणी मागवण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात आमच्या परिचारिकेने आजींना साधे विचारले, ‘गोळी कशी देता ते दाखवता का?’ आजींनी डबी उघडली, गोळी हातात घेतली आणि थांबल्या. गोळी त्या देतच नव्हत्या. त्या पहाटे मजुरीला जात. गोळी द्यायची ती मुलाची अकरा वर्षांची बहीण, आणि ती देत होती दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या मात्रेने. दरम्यान मुलाचे वजन वाढले होते, मात्राही वाढवून लिहून दिलेली होती, पण नवी चिठ्ठी तिच्यापर्यंत कुणी पोहोचवली नव्हती. भावाला सांभाळायचे म्हणून तिची शाळा सुटली होती. दिवसभर ती दोघेच घरात असत. शिवाय केंद्रावर यायचे म्हणजे आजींचा एका दिवसाचा रोज बुडत असे, म्हणून मधल्या दोन भेटी त्यांनी चुकवल्या होत्या.

आता यात आरोग्याचा प्रश्न कोणता, संरक्षणाचा कोणता आणि कल्याणाचा कोणता, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन : या मुलांना रोज सांभाळणारी मोठी माणसे आजारपण, कर्ज आणि एकटेपणा यांखाली कोलमडू नयेत, यासाठी हा मर्यादित पैसा कसा वापरता येईल? माझ्या मते पहिला खर्च इमारतीवर करू नये आणि शक्यतो वस्तूंवरही करू नये. तो घर आणि उपचार केंद्र यांच्यामध्ये सतत ये-जा करणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर, आणि पालकाला केंद्रापर्यंत पोहोचणे परवडावे यावर करावा.

हे सरसकट सगळीकडे लागू पडेल असे मात्र नाही. तुमच्या भागात एचआयव्हीची औषधे सरकारकडून मोफत मिळत असतील, तर ती विकत घेण्यावर संस्थेचा एक पैसाही जाऊ नये. केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे की दिवसभराच्या प्रवासावर, यावर प्रवासखर्चाचे महत्त्व ठरेल. लागण झालेल्यांत तान्ही बाळे अधिक आहेत की किशोरवयीन मुले, यावरही बरेच अवलंबून आहे, कारण दोन्हींसाठी लागणारे काम अगदी निराळे असते. म्हणून पहिले दोन-तीन महिने घरोघर जाऊन हे नीट समजून घेण्यात गेले, तर तो वेळ वाया गेला असे समजू नका.

तान्ह्या बाळांपासून सुरुवात करते, कारण तिथे उशीर सर्वांत महाग पडतो. काहीच उपाय केला नाही तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर आणि नियमित औषधे मिळाली, तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. ज्या बाळांना लागण होते आणि उपचार मिळत नाहीत, त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, लक्षणांची वाट न पाहता पहिल्या बारा आठवड्यांतच औषधे सुरू केलेल्या बाळांमधील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. आठवड्यांचा हिशेब इतका कडक असतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट तुमच्या कार्यकर्त्यांना पक्की ठाऊक हवी. नेहमीची एचआयव्ही तपासणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे ती तपासणी सकारात्मक आली म्हणून बाळाला लागण झालीच असे ठरत नाही. बाळासाठी थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी लागते आणि ती चौथ्या ते सहाव्या आठवड्यात व्हावी लागते. बाळाच्या टाचेला टोचून, विशिष्ट कागदावर रक्ताचे थेंब घेऊन, ते वाळवून तो कागद प्रयोगशाळेत पाठवला जातो. माझ्या अनुभवात अडचण सहसा रक्त घेण्यात येत नाही. ती अहवाल येईपर्यंतच्या काळात येते. अहवाल केंद्रावर येऊन पडतो आणि आई तोवर माहेरी गेलेली असते, किंवा तिने दिलेला फोन बंद असतो, किंवा तो नवऱ्याच्या हातात असतो आणि त्याला काही सांगितलेले नसते. ती आई कुठे आहे आणि तिच्याशी कुणासमोर बोलायचे नाही हे ठाऊक असलेली एक कार्यकर्ती त्या वेळी कुठल्याही यंत्राइतकीच मोलाची असते. स्तनपान चालू असेपर्यंत धोका संपत नाही, म्हणून शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात किंवा स्तनपान थांबल्यानंतर तीन महिन्यांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा करावी लागते. या टप्प्यापर्यंत पोहोचण्याआधीच बरीच बाळे आमच्या यादीतून निसटतात.

स्तनपानाविषयी सविस्तर लिहिते, कारण चांगल्या हेतूने केलेली मदत इथे बाळाच्या जिवावर बेतू शकते. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला पावडरचे दूध मोफत द्यावे, ही कल्पना ऐकायला सुरक्षित वाटते. बोट्स्वानात तशी योजना होती. २००६ च्या सुरुवातीला तिथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि अतिसाराची मोठी साथ आली. त्या साथीचा तडाखा बसला तो प्रामुख्याने वरच्या दुधावर असलेल्या बाळांना. स्वच्छ पाणी, इंधन आणि दुधाचा अखंड पुरवठा यांची खात्री नसलेल्या घरात बाटली स्वतःच एक धोका असते. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, आई नियमित औषधे घेत असेल तर तिने पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावे आणि त्यानंतर पूरक आहारासह किमान बारा महिन्यांपर्यंत, हवे तर चोवीस महिन्यांपर्यंत किंवा त्याही पुढे स्तनपान चालू ठेवावे. पहिल्या सहा महिन्यांत अंगावरचे दूध आणि इतर अन्न यांची सरमिसळ टाळावी, कारण उपचार नसलेल्या मातांमध्ये अशा मिश्र आहाराने लागणीचा धोका वाढल्याचे दिसले आहे. पण मातांचा गोंधळ का होतो, तेही समजून घ्या. वर्षानुवर्षे आमच्याच क्षेत्राने सल्ले बदलले आहेत. एका आईने मला विचारले होते, ‘मोठ्याच्या वेळी पाजू नको म्हणालात, आता पाज म्हणता, तेव्हा चुकलात की आता चुकता आहात?’ तिला शांतपणे उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. तेव्हा तिच्यासाठी औषधे उपलब्ध नव्हती, आता आहेत, आणि तिच्या रक्तातला विषाणू औषधांनी दबलेला असताना दुधातून होणाऱ्या लागणीचा धोका फार कमी होतो, एवढे सांगितल्यावर ती निर्धास्त झाली.

थोडी मोठी मुले घेऊ. पूर्वी लहान मुलांना कडू द्रव औषध द्यावे लागे, त्यात अल्कोहोल असे, ते थंड जागी ठेवावे लागे, आणि ते पाजताना आई आणि मूल दोघेही रडत. आता डोल्युटेग्राव्हिर या औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या चार आठवड्यांच्या आणि किमान तीन किलो वजनाच्या बाळापासून देता येतात, आणि हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिलासा आहे. तरीही जगभरातील चित्र पाहा : २०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांपैकी ७७ टक्के उपचारांवर होते, तर चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी फक्त ५७ टक्के. औषध अस्तित्वात असूनही मूल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि वजन वाढेल तशी बदलावी लागते, हे वरच्या मुलाच्या उदाहरणात तुम्ही पाहिलेच. त्यामुळे वजनकाटा, दरवेळी नव्याने लिहिलेली चिठ्ठी आणि जुनी चिठ्ठी आठवणीने परत घेणे, या तीन गोष्टींबाबत मी फार आग्रही आहे.

कार्यकारिणीतील ज्यांना पोषण आहार हवा आहे, त्यांचे म्हणणे निराधार नाही. कुपोषित मुलाला औषधेही नीट लागू पडत नाहीत. पण सरसकट पाकिटे वाटण्यापेक्षा आधी मोजमाप करा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषण असते, आणि त्याला घरी पाकीट देऊन भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून नियमबद्ध उपचार सुरू करावे लागतात. अशा मुलाचे वजन आहार देऊनही वाढत नसेल तर क्षयरोगाचा शोध घ्या आणि घरात कुणाला जुना खोकला आहे का, ते विचारा. इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या, स्वस्त आणि जुन्या को-ट्रायमोक्साझोल या औषधाचाही विसर पडू देऊ नका. झांबियात एचआयव्हीबाधित मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे औषध रोज दिल्याने मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले होते. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. एकाच मुलासाठी दिलेले अन्न घरात सगळ्या भावंडांत वाटले जाते, आणि वाटले जावे हेच स्वाभाविक आहे. म्हणून मदत द्यायची असेल तर ती कुटुंबाला पुरेल अशी द्या, नाहीतर आपण आईला एका मुलाच्या तोंडचा घास दुसऱ्यापासून लपवायला सांगत असतो.

आतापर्यंतचे थोडक्यात असे की, बाळाची वेळेवर तपासणी, आईचे अखंड उपचार, वजनाप्रमाणे मात्रा आणि कुपोषणाचा वेळीच शोध, या चार गोष्टी आधी पक्क्या झाल्या पाहिजेत, आणि त्या चारही शेवटी पालकाला येणे परवडते की नाही यावर येऊन थांबतात.

पैशाच्या मदतीविषयी बऱ्याच संस्थांना संकोच वाटतो. रोख रक्कम दिली तर ती भलतीकडे जाईल अशी भीती असते. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे भेटीच्या दिवशी प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची काही भरपाई सुरू झाल्यावर चुकणाऱ्या भेटी लक्षणीय कमी झाल्या. बाहेरही याला आधार आहे. मलावीमधील झोंबा जिल्ह्यात शाळेत जाणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या कुटुंबांना दरमहा थोडी रक्कम दिली गेली. अठरा महिन्यांनंतर तपासले तेव्हा रक्कम मिळालेल्या गटात एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के होते, तर न मिळालेल्या गटात ३ टक्के. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबीमुळे मुलींना वयाने मोठ्या पुरुषांच्या आधाराला जावे लागते, त्या आधाराची किंमत शरीराने चुकवावी लागते, आणि हातात थोडे पैसे व शाळेचे दार उघडे असले तर त्यांना नकार देता येतो. असे असले तरी संस्थेने स्वतःच्या निधीतून कायमचे मासिक मानधन सुरू करू नये, असे मी सुचवेन. तीन वर्षांनी ते बंद पडले की कुटुंब आधीपेक्षा अडचणीत येते. जिथे सरकारी निवृत्तिवेतन, बालसंगोपनाचे अनुदान किंवा शिष्यवृत्ती आहे, तिथे कागदपत्रे काढून देण्यासाठी एक माणूस नेमा. जन्मदाखला, मृत्यूदाखला, ओळखपत्र आणि बँक खाते यांसाठी केलेल्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात, पण त्यातून सुरू झालेली मदत तुमचा प्रकल्प संपल्यावरही चालू राहते.

आता वसतिगृहाचा प्रस्ताव. ज्यांनी तो मांडला त्यांची कळकळ मला समजते, पण मी त्याला स्पष्ट विरोध करेन. ‘अनाथ’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचे एक पालक जिवंत असतात आणि बहुतेकांना आजी, मावशी, काका असे कुणीतरी असते. वस्तीत चांगले वसतिगृह उभे राहिले की गरीब नातेवाईक मुलाच्या भल्यासाठीच त्याला तिथे सोडतात, आणि आपण नकळत घर मोडायला हातभार लावतो. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट म्हटले आहे की, केवळ गरिबीच्या कारणाने मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये आणि तीन वर्षांखालील मुलांचे संगोपन कुटुंबासारख्या वातावरणातच व्हावे. रोमानियातील बुखारेस्ट शहरात संस्थांमध्ये वाढणाऱ्या लहान मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यात पालक-कुटुंबात, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, हलवलेल्या मुलांची बौद्धिक वाढ आणि माणसांशी जुळणारे नाते, दोन्ही संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगले आढळले. शिवाय फक्त एचआयव्ही असलेल्या मुलांचे वसतिगृह म्हणजे दारावरच मुलाच्या आजाराची पाटी लावणे होय. काही मुलांना खरोखरच कुणी नसते, किंवा घरातच त्यांच्यावर अत्याचार होत असतो, आणि त्यांच्यासाठी सुरक्षित निवारा लागतोच. तो बालसंरक्षण यंत्रणेच्या मदतीने, शक्य तितका छोटा आणि शक्य तितका तात्पुरता असावा. ही सोय तुमच्या भागात आधीपासून असेल तर तिच्याशी संधान बांधा, स्वतः नवी बांधू नका.

संरक्षणाविषयी कार्यकर्त्यांना मी एवढेच शिकवते की, घरात गेल्यावर मुलाचे झोपण्याचे ठिकाण, शाळेची हजेरी आणि घरकामाचा बोजा यांकडे लक्ष द्या. पालक वारल्यानंतरच्या पहिल्या वर्षात विशेष सावध राहा, कारण त्याच काळात जमीन-घरावरचा हक्क जातो, भावंडांची ताटातूट होते, मुलीचे लग्न घाईने ठरते. अत्याचाराची शंका आली तर कार्यकर्तीने स्वतः चौकशी करत बसू नये. मुलाचे ऐकून घ्यावे, त्याच्या शब्दांत नोंद करावी आणि कायद्याने ज्यांना कळवायचे त्यांना त्याच दिवशी कळवावे. लैंगिक अत्याचार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्यासाठीचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, हे संस्थेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवे. आणि गोपनीयता. संस्थेचे नाव लिहिलेली गाडी एखाद्याच घरासमोर दर महिन्याला थांबली की शेजाऱ्यांना सांगायचे काही उरत नाही. म्हणून तुमचा कार्यक्रम वस्तीतील सर्व गरीब मुलांसाठी असावा, आणि एचआयव्हीचे काम त्याच्या आत शांतपणे चालावे.

आता मुलाला सांगण्याविषयी. हो, सांगावे. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या आजाराविषयी सांगितले जावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये सुचवले आहे. मी सहसा सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करते, आणि ती नाव न घेता करते : तुझ्या रक्तात एक जंतू आहे, तो झोपलेला राहावा म्हणून ही गोळी, गोळी चुकली तर तो जागा होतो. विषाणूचे नाव दहा-बारा वर्षांपर्यंत येते, शक्यतो पालकाच्याच तोंडून आणि मी शेजारी बसलेली असताना. बहुतेक पालकांना लपवावेसे वाटते ते स्वतःच्या अपराधी भावनेमुळे. ‘तुझ्यामुळे मला झाले’ हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकायची त्यांना धास्ती असते. त्यांना वेळ द्या, पण अनंत वेळ देऊ नका. एका चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या फाइलवरची अक्षरे वाचून स्वतःच कळले. तिने चार महिने गोळ्या उशीच्या अभ्र्यात साठवल्या आणि त्या काळात आम्ही तिला ‘नियमित औषध घेणारी शहाणी मुलगी’ म्हणत होतो. ती सावरली, पण त्याचे श्रेय आमच्याकडे जात नाही. तिच्याच वयाची, तीच औषधे घेणारी एक मैत्रीण तिच्या घरी जाऊन बसू लागली, तिने ते केले. झिम्बाब्वेमध्ये झ्वांडिरी हा कार्यक्रम याच पद्धतीने चालतो : एचआयव्हीसह जगणारे, प्रशिक्षण घेतलेले तरुण आपल्याहून लहानांना घरी भेटतात. तिथल्या ग्रामीण भागातील किशोरवयीनांवरील २०२० च्या चाचणीत, विषाणूभार आटोक्यात न राहण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी आढळले. तुमच्या वस्तीत किशोरवयीन मुले अधिक असतील, तर पहिल्या कार्यकर्त्यांच्या नेमणुका याच वयोगटातून करा आणि त्यांना स्वयंसेवक न म्हणता पगार द्या.

देणगीदारांना दाखवायला इमारतीचे छायाचित्र नसेल, ही तुमची अडचण मी जाणते. त्याऐवजी त्यांना एक वही दाखवता येईल, आणि कामाची सुरुवातही तिच्यापासूनच करावी असे मी म्हणेन. प्रत्येक मुलासाठी एक ओळ : नावाऐवजी क्रमांक, शेवटची भेट, पुढची भेट, वजन, मात्रा, विषाणूभाराच्या तपासणीची तारीख, आईचे किंवा पालकाचे स्वतःचे उपचार चालू आहेत का, शाळेची हजेरी. वही कुलपात ठेवा. आणि तिच्यात पहिल्या पानापासून एक रकाना आवर्जून आखा, जो आमच्या वहीत पहिली कित्येक वर्षे नव्हता : गोळी कोण देते.